सुरक्षित दिवस

लग्न ठरलेल्या जोडप्यांसाठी चर्चमध्ये वर्ग असतो, त्याच्या शेवटच्या तासाला आम्ही चिठ्ठ्या गोळा करतो. नाव घालायचं नाही, नुसता प्रश्न लिहायचा. समोरासमोर जे विचारायला जीभ रेटत नाही, ते कागदावर बरोबर उतरतं. बहुतेक प्रश्न आम्हाला पाठ झालेत: भांडण झाल्यावर आधी कुणी बोलायचं, पैशाचा हिशेब कुणाकडे, एकाची नोकरी गेली तर. यंदा त्यांत एक चिठ्ठी निघाली, वहीच्या कोपऱ्याची, घड्या घालघालून नखाएवढी केलेली. उलगडायलाच वेळ लागला. आत लिहिलं होतं, "लगेच मूल नको असेल तर देवाला चालतं का?"

पाप आहे का, असं विचारलं नव्हतं. शास्त्रात काय सांगितलंय, असंही नाही. चालतं का. जणू देव आतल्या खोलीत पडलाय आणि त्याला उठवण्याआधी घरातल्या कुणाला तरी हळूच विचारून घ्यावं.

हा वर्ग मी आणि नवरा मिळून घेतो. मी कॅथलिक, तो प्रोटेस्टंट, अँग्लिकन म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या वळणाचा. अशा लग्नाला आमच्या चर्चची परवानगी लागते, आणि मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी होईल ते सगळं करीन, असं वचन कॅथलिक जोडीदाराकडून घेतलं जातं. म्हणजे मुलांचा पत्ताही नव्हता तेव्हा ती आमच्या कागदपत्रांत येऊन बसली होती. त्या दिवशी मी पुस्तिकेतलं दोन ओळींचं उत्तर वाचून दाखवलं: नैसर्गिक पद्धतीनं अंतर ठेवायला हरकत नाही, कृत्रिम साधनं वापरू नयेत. समोर कुणाचा चेहरा पडला ते मी मुद्दाम पाहिलं नाही. घरी येताना नवरा म्हणाला, "दोन ओळींत गुंडाळलंस की गं. आपल्याला अकरा वर्षं पुरली नाहीत."

म्हणून हे लांबलेलं उत्तर.

सुरुवात ओनानपासून करावी लागते, कारण या विषयावरचं बोलणं कुठूनही निघालं तरी त्याच्या दारावरून जातंच. बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाचा अडतिसावा अध्याय. यहूदाचा थोरला मुलगा एर मूलबाळ न होता मरतो. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे धाकट्या ओनाननं भावजय तामार हिच्याशी संबंध ठेवून भावाचा वंश चालवायचा असतो. होणारं मूल मेलेल्या भावाचं धरलं जाणार. ओनानला ते नको असतं. तो तिच्यापाशी जातो आणि वीर्य जमिनीवर सांडतो. परमेश्वराला हे वाईट दिसतं आणि ओनान मरतो. एवढंच. पण या दोन-तीन वचनांवर कित्येक शतकांचा निवाडा उभा आहे. आणि तो एकट्या कॅथलिकांचा नाही. प्रोटेस्टंट पंथाच्या मूळपुरुषांपैकी ल्यूथरनं ओनानला झोडपलंय, कॅल्विननं तर असं, की वाचताना अंगावर यावं. माझ्या नवऱ्याला हे लग्नानंतर माझ्याकडून कळलं. "आमचा कॅल्विन?" असं तो दोनदा म्हणाला.

ओनान मेला तो नेमका कशासाठी? भावजयीला नकार देणाऱ्या दिराचं काय करायचं, ते बायबलमधल्याच 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात सांगितलंय. वडीलधाऱ्यांसमोर ती त्याच्या पायातला जोडा काढते आणि त्याच्या तोंडावर थुंकते. अब्रू जाते, जीव जात नाही. ओनानचा जीव गेला, तेव्हा त्यानं नकारापेक्षा भलतं काही केलं असणार, आणि ते म्हणजे सांडणंच, असा जुना युक्तिवाद आहे. तो कच्चा नाही. पण मी ती गोष्ट तामारच्या बाजूनं वाचते तेव्हा मला निराळं दिसतं. सरळ 'नाही' म्हणाला असता, तर पुढे ज्या न्यायाचा नियम झाला तसा काही न्याय तिला मागता आला असता. तो 'नाही'ही म्हणाला नाही. तिचं शरीर घेतलं आणि ज्यासाठी तिनं ते दिलं होतं तेवढं मधल्यामधे काढून घेतलं. हे तिला विचारून झालं नाही. मला त्याचं पाप तिथे सापडतं. मी धर्मपंडित नाही, कबूल. पण ज्या पंडितांनी हा अध्याय समजावून सांगितला, त्यांच्यावरही तामार होण्याची वेळ कधी आली नव्हती.

ओनानच्या मागोमाग संत ऑगस्टीन, चर्चचा जुना, थोर धर्मपंडित. तरुणपणी हा माणूस नऊ वर्षं मानी नावाच्या प्रेषिताच्या पंथात होता. त्या पंथाचं म्हणणं असं, की शरीर म्हणजे प्रकाशाची कोठडी. मूल जन्माला घालणं म्हणजे प्रकाशाचा आणखी एक कण कोंडून घालणं. सबब मुलं टाळावीत. ऑगस्टीन त्या काळात एका बाईबरोबर राहत होता, लग्न न करता, दहा वर्षांहून अधिक. त्यांना मूल झालं ते एकच, तेही अगदी सुरुवातीला. नाव ठेवलं अदेओदातुस, आपल्या भाषेत सरळ देवदत्त. ऑगस्टीननं आपल्या आत्मकथनात लिहिलंय, की अशा संबंधात मूल मनाविरुद्ध येतं, पण एकदा आलं की आपल्याला प्रेम करायला भाग पाडतं. पापाच्या हिशेबाच्या वहीत मधेच एका बापानं येऊन लिहिलेली ही ओळ आहे. मी ती कितीदा वाचली असेन.

पुढे बाप्तिस्मा घेतल्यावर ऑगस्टीन जुन्या पंथबंधूंवर तुटून पडला. त्यात एक टोमणा असा: तुम्हीच ना आम्हाला सांगत होतात, बाईला दिवस राहण्याचा संभव असतो तो काळ पाहा आणि तेवढा टाळा? (त्या काळचा समज असा होता, की पाळी संपल्या संपल्या गर्भ राहतो, त्यामुळे ही मंडळी नेमके चुकीचे दिवस टाळत असणार.) म्हणजे दिवस मोजणं हे ऑगस्टीनच्या लेखी पाखंड्यांचं लक्षण होतं. दीड हजार वर्षांनी त्याच्याच चर्चनं जी एकमेव पद्धत मान्य केली, ती हीच.

त्या बाईचं नाव मात्र त्यानं कुठेही लिहिलेलं नाही. ऑगस्टीनचं चांगल्या घरात लग्न ठरलं तेव्हा तिला आफ्रिकेला परत पाठवलं. दुसरा पुरुष करणार नाही अशी शपथ घेऊन ती गेली, मुलगा बापाकडे राहिला. एकच मूल असावं असं तिला वाटत होतं की आणखी हवी होती, हे कुणी तिला विचारलं असेल असं वाटत नाही.

नवऱ्याच्या बाजूच्या इतिहासाला एक तारीखवार वळण आहे, म्हणून तो सांगायला सोपा. जगभरचे अँग्लिकन बिशप साधारण दर दहा वर्षांनी लॅम्बेथ परिषदेला जमतात. १९०८ आणि १९२० च्या परिषदांनी गर्भनिरोधनाला साफ विरोध केला होता. १९३० मध्ये पंधरावा ठराव आला आणि १९३ विरुद्ध ६७ मतांनी मंजूर झाला. ख्रिस्ती जगातल्या एखाद्या मोठ्या मंडळीनं, म्हणजे चर्चनं, विवाहित जोडप्यांना अधिकृतपणे मोकळीक देण्याची ही पहिलीच वेळ. मोकळीक म्हणावी तर ठराव वाचताना ती शोधावी लागते. मूल टाळण्याचा पहिला मार्ग संपूर्ण संयम, असं आधी बजावलंय. तोही न जमण्याला नैतिक कारण असेल तरच इतर उपाय. आणि स्वार्थ, चैन किंवा निव्वळ सोय म्हणून ते वापरले तर त्याचा कडक निषेध. दार उघडलं नव्हतं, नुसती कडी काढली होती. पण कडी काढलेलं दार वाऱ्यानंही उघडतं. १९५८ च्या परिषदेत अँग्लिकन बिशपांनी मुलं किती आणि किती अंतरानं ही जबाबदारी देवानं आईबापांच्या सद्सद्विवेकावर सोपवली आहे असं म्हटलं, आणि बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या त्याच वाटेनं गेल्या.

रोमनं उत्तर द्यायला वर्षही जाऊ दिलं नाही. ३१ डिसेंबर १९३० ला पोप अकरावे पायस यांचं परिपत्रक निघालं: संबंधाची नैसर्गिक शक्ती हेतुपुरस्सर मोडणं हे देवाच्या आणि निसर्गाच्या नियमाचं उल्लंघन आहे.

मात्र त्याच सुमाराला जपानमध्ये क्यूसाकू ओगिनो आणि ऑस्ट्रियात हेर्मान क्नाउस या दोन डॉक्टरांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एक साधी गोष्ट पक्की केली होती: स्त्रीबीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी. ऑगस्टीनच्या काळापासून चुकत आलेला हिशेब पहिल्यांदा बरोबर आला. १९५१ मध्ये बारावे पायस इटलीतल्या सुईणींसमोर बोलले आणि गंभीर कारण असेल तर वंध्य काळापुरते संबंध ठेवायला हरकत नाही असं त्यांनी स्पष्ट केलं. त्या एका भाषणातून निघालेला थर्मामीटर आमच्या उशाशी आला.

पहिल्या बाळंतपणात माझे हाल झाले होते. दोन वर्षं तरी दुसरं नको, असं डॉक्टर म्हणाल्या. मला त्यात चर्चच्या शिकवणीबाहेर काही करायचं नव्हतं. नवऱ्याला काही अडचण नव्हती. त्याच्या पाळकसाहेबांनी असल्या गोष्टींत कधी तोंड घातलं नव्हतं. "तुझ्या मनाला पटेल ते," तो म्हणाला. समजूतदारपणाचं वाक्य. त्याचा अर्थ काय होतो हे तेव्हा दोघांनाही कळलं नाही.

पद्धत अशी. पहाटे जाग आल्यावर अंथरुणातून उठायच्या आधी, एक शब्दही न बोलता, थर्मामीटर तोंडात धरायचा. आकडा तक्त्यावर मांडायचा. स्त्रीबीज सुटलं की प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे अंगाचं तापमान अंशाच्या दोन-तीन दशांशांनी चढतं. चढलेलं तापमान तीन दिवस टिकलं की सुरक्षित दिवस सुरू. स्त्रीबीज जेमतेम एक दिवस जगतं, पण पुरुषबीज पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतं, त्यामुळे चढण्याच्या आधीचे दिवस धोक्याचे. सगळं तर्कशुद्ध. फक्त त्याला एक अट आहे: त्याआधी सलग काही तास झोप झालेली हवी. आणि ज्या घरात अंगावर पिणारं बाळ आहे त्या घरात सलग झोप! माझ्या तक्त्यावर आकडे नव्हतेच, दातांची कवळी होती. वर, खाली, वर, खाली. दर दोन-तीन रकान्यांमागे मी पेन्सिलीनं बारीक लिहिलेलं असायचं: 'बाळ उठलं', 'दोनदा उठलं', 'ताप?' त्यावरून संयम पाळायचा तर महिन्याचे पंचवीस दिवस पाळावा लागे. आम्ही पाळला. पुण्य वगैरे काही वाटलं नाही. चिडचिड झाली, हे खरं. त्याची माझ्यावर, माझी थर्मामीटरवर.

त्याच दिवसांत आमचा तो वाद झाला, जो या विषयात पडलेल्या प्रत्येक जोडप्यात केव्हातरी होतोच. त्याचं म्हणणं, हेतू तोच, परिणाम तोच, मग गोळी घेतली काय नि तक्ता मांडला काय? मी म्हटलं, नाही रे, फरक आहे. गुपित राखायचं असेल तर एक जण गप्प बसतो आणि दुसरा खोटं बोलतो. हेतू एकच, म्हणून गप्प बसणं आणि खोटं बोलणं एक होतं का? एलिझाबेथ अँस्कम या इंग्लिश तत्त्वज्ञ बाईंनी, सात मुलांची आई असलेल्या, १९७२ मध्ये जवळपास याच धर्तीवर बाजू मांडली होती: पुढचा हेतू वेगळा आणि प्रत्यक्ष करता ती कृती कोणत्या जातीची आहे ते वेगळं. युक्तिवाद भक्कम आहे, आजही मला तो सहज उडवून लावता येत नाही. नवरा थोडा वेळ विचार करत राहिला. मग म्हणाला, "पण थर्मामीटर लावून, तक्ता आखून, दिवस मोजून गप्प बसायचं. याला गप्प बसणं म्हणतात का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

दुसऱ्या वर्षी मी गोळ्या सुरू केल्या. पापकबुलीला गेले. पहिल्या फादरांनी विचारलं, थांबवणार का? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, मग पश्चात्ताप कसला? त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही; त्यांच्या हातात जो नियम होता तो त्यांनी मोजून दिला. काही महिन्यांनी दुसऱ्या फादरांपाशी गेले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी विचारलं, "हे तुम्ही दोघांनी ठरवलं की तुम्ही एकटीनं?" मला एकदम रडू आलं. का, ते बाहेर आल्यावरही कळेना.

या गोळीच्या जन्मातही एक भाविक कॅथलिक आहे. अमेरिकेतले डॉक्टर जॉन रॉक रोज सकाळी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जायचे, आणि ज्या संशोधनातून १९६० मध्ये गोळीला मान्यता मिळाली त्यातही ते होते. त्यांची श्रद्धा अशी, की गोळी शरीरात आधीच असलेल्या संप्रेरकांचंच काम करते, वंध्य काळ लांबवते. तेव्हा चर्चला ती पटायला हवी. त्यांना खरंच आशा होती. तशी ती पुष्कळांना होती. पोप तेविसावे जॉन यांनी १९६३ मध्ये या प्रश्नासाठी सहा जणांचा आयोग नेमला. सहावे पॉल यांनी तो वाढवत ७२ पर्यंत नेला. त्यात पहिल्यांदाच विवाहित जोडपी होती. शिकागोचे पॅट आणि पॅटी क्रॉली यांनी अनेक देशांतल्या कॅथलिक जोडप्यांची पत्रं गोळा करून रोमला नेली. तक्त्यावर जगणाऱ्या माणसांची ती पत्रं होती. माझ्या पेन्सिलीच्या नोंदींची आठवण व्हावी अशी.

तिथला एक प्रसंग सांगितला जातो. एका स्पॅनिश जेझुइट पंडितांनी चिंता व्यक्त केली, की आता शिकवण बदलली तर याच पापासाठी ज्या लाखोंना आपण नरकात पाठवलं त्यांचं काय? पॅटी क्रॉलींनी त्यांना विचारलं, फादर, तुमचे सगळे हुकूम देवानं पाळलेच असतील असं तुम्हाला खरंच वाटतं का?

आयोगाच्या बहुमतानं १९६६ मध्ये बदलाच्या बाजूनं कौल दिला. पोपनी तो मानला नाही. २५ जुलै १९६८ ची तारीख असलेलं 'हुमाने विते' हे परिपत्रक आलं: प्रत्येक वैवाहिक संबंध जीवनाला खुला असलाच पाहिजे. एकूण सहजीवन खुलं असून भागणार नाही, प्रत्येक वेळ. त्यावरून कॅथलिक चर्चमध्ये मोठा गदारोळ उठला. कॅनडाच्या बिशपांनी दोनच महिन्यांत विनिपेगला जमून म्हटलं, की ज्याला प्रामाणिक प्रयत्न करूनही हे पटत नाही आणि जो आपल्याला योग्य वाटेल तो मार्ग सचोटीनं निवडतो, तो शुद्ध विवेकानंच वागतो. सहावे पॉल त्यानंतर दहा वर्षं जगले, पण असं आणखी एकही परिपत्रक त्यांनी लिहिलं नाही.

आता माझी अडचण. मला हे परिपत्रक सरळ चुकीचं म्हणून बाजूला ठेवता आलं असतं तर हा लेख इथेच आटोपला असता. पण त्यात सतरावं कलम आहे. पोप म्हणतात, साधनं सोपी झाली की पुरुषाला सवय लागेल, बाईच्या शरीरामनाच्या स्वास्थ्याची त्याला फिकीर राहणार नाही, ती त्याच्या उपभोगाचं साधन होईल. शिवाय सरकारं या साधनांची सक्ती करतील. दुसऱ्या भीतीबद्दल काही सांगायला नको. आणीबाणीतल्या नसबंदीच्या आठवणी ज्यांच्या घरात आहेत त्यांना ते कलम १९६८ चं आहे यावर विश्वास बसणार नाही. पहिल्या भीतीला मात्र मी हसले होते. अविवाहित म्हाताऱ्या माणसाची भीती, म्हटलं.

मग एका रात्री माझ्या लक्षात आलं, की तो आता विचारत नाही.

तक्त्याच्या काळात दिवा मालवण्याआधी तो विचारायचा, "आज कसं आहे?" म्हणजे आकडा कसा आहे. पण त्या निमित्तानं मी कशी आहे हेही निघायचं: पाठ दुखतेय, बाळानं छळलंय, आज नुसतं पडून राहू या. गोळ्या सुरू झाल्यावर 'आज कसं आहे' याला काही कारणच उरलं नाही. रोज सारखंच होतं. रोज चालत होतं. माझा नवरा काही राक्षस नाही, सतराव्या कलमातला पुरुष तर मुळीच नाही. पण प्रश्न मात्र गेला होता. मी त्याला हे सांगितलं तेव्हा तो बिचारा चपापला. म्हणाला, "तू नाही म्हणाली असतीस तर..." मी म्हटलं, "विचारल्याशिवाय नाही कसं म्हणायचं?"

म्हणजे पोपचं खरं होतं का? बरेच दिवस मी त्यावर अडून होते. त्यांनी रोग ओळखला, पण दोष गोळीच्या माथी मारला. आधीही प्रश्न नवरा विचारत नव्हता, तक्ता विचारत होता. आणि तक्ता 'सुरक्षित' म्हणाला की तेव्हाही मला कुणी विचारत नव्हतं. महिन्यातले ते पाच दिवस हातचे जाऊ नयेत म्हणून मी कित्येकदा न विचारताच हो म्हटलेलं आहे. आणि दोन्ही वेळा मोजायचं माझं शरीर, गिळायचं माझ्या तोंडानं, पापकबुलीला जायचं मी. 'तुझ्या मनाला पटेल ते.' दुसऱ्या फादरांच्या प्रश्नावर मला रडू का आलं ते तेव्हा कळलं.

संत पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, सातवा अध्याय. वैवाहिक संबंधांबद्दल नव्या करारात इतकं रोखठोक दुसरीकडे कुठे नाही, आणि गंमत म्हणजे त्या तीन-चार वचनांत मुलं व्हावीत हा उद्देश सांगितलेलाच नाही. नवऱ्याचा आपल्या शरीरावर हक्क नाही, तो बायकोचा. बायकोचा नाही, तो नवऱ्याचा. ज्या जगात याचा फक्त दुसरा अर्धा भाग कायदा होता, तिथे पौल पहिलाही लिहितो. आणि दूर राहायचं तर अट घालतो: दोघांच्या संमतीनं, काही काळापुरतं, प्रार्थनेसाठी. आमच्या पुस्तिकेत हे वचन आहे, संयमाच्या समर्थनार्थ. माझी बोटं मात्र 'संमती'वर अडतात. दूर राहायला जर संमती लागते, तर जवळ यायला, मूल व्हायला, न व्हायला?

बाकीच्या ख्रिस्ती जगाचं मत मी थोडक्यात सांगते, कारण तिथे मला फार काही म्हणायचं नाही. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये पुष्कळसं कबुली ऐकणाऱ्या धर्मगुरूवर सोपवलेलं असतं. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चनं २००० मध्ये लेखी सांगितलं, की गर्भपात न घडवणारी साधनं आणि गर्भपात यांना एका मापानं मोजता येणार नाही. हीच रेषा पुष्कळ प्रोटेस्टंटही पाळतात: गर्भधारणा होऊच न देणारं चालेल, झालेल्या गर्भाला रुजू न देणारं नाही. दुसऱ्या टोकाला असे प्रोटेस्टंट आहेत, जे १२७ व्या स्तोत्रातला बाणांनी भरलेला भाता अगदी शब्दशः घेतात आणि देव देईल तितकी मुलं वाढवतात. आणि २०१५ मध्ये मनिलाहून परतताना विमानात पोप फ्रान्सिस म्हणाले, की चांगला कॅथलिक होण्यासाठी सशांसारखं व्हायला हवं असं काहींना वाटतं, तसं नाही. शिकवण मात्र त्यांनी बदलली नाही. सशांवर सगळे हसले आणि तक्ते तिथेच राहिले.

आम्ही सध्या काय करतो ते सांगणार नाही. वर्गातही सांगत नाही. एवढंच, की आता ते एकटीचं राहिलेलं नाही.

पुढचा वर्ग पंधरा दिवसांवर आलाय. परवा नवरा म्हणाला, या वेळी हा तास मी घेतो, दर वेळी बायकांनीच काय म्हणून बोलायचं? मला हसू आलं आणि बरंही वाटलं. काल रात्री तो बायबल नि कागद घेऊन टेबलाशी बसला होता, सातवा अध्याय बोटानं शोधत. मी पाणी ठेवायला गेले तेव्हा वाकून पाहिलं. कागदावर पहिलं वाक्य होतं, 'आमच्या घरी थर्मामीटर मी धुऊन ठेवायचो.'

"हे खरंय का?" मी विचारलं.

त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. जरा आठवल्यासारखं केलं. "चार-पाच वेळा," म्हणाला.

मग पेन उचलून 'मी'च्या पुढे बारीक अक्षरात 'कधीकधी' असं घातलं.